दुभती गाय भाकडांच्या कळपात

कठोपनिषदाची गोष्ट सुरू होते ती एका फसव्या दानापासून. वाजश्रवस सर्वस्व देऊन टाकायला बसला आहे, आणि दक्षिणेसाठी आणलेल्या गाई अशा की त्यांच्याकडून घेणाऱ्याला काही मिळण्याची आशाच नाही. त्याच्या पोरसवदा मुलाला, नचिकेत्याला, ते पाहवत नाही. पण याच्या उलट प्रसंगही येतो. गाय दुभती असते आणि मालक तिला भाकडांच्या कळपात हाकलून मोकळा होतो. अमेरिकेत संग्राह्य ठरलेल्या जपानी स्पोर्ट्स गाड्यांच्या बाबतीत जो सल्ला सर्रास दिला जातो, तो हाच आहे.

पूर्वपक्ष असा : विकण्याच्या कटकटीत पडू नका. गाडी दान करा : धर्मादाय संस्थेला फोन करा, टो ट्रक येईल, गाडी फुकट उचलून नेईल. संस्थेला पैसे मिळतील, तुम्हाला बाजारभावाएवढी करवजावट मिळेल, आणि दिलेल्या वस्तूकडे दात्याने मागे वळून पाहू नये. बंद पडलेल्या जुन्या सेडानसाठी हा सल्ला चांगलाच आहे. त्या वाटेने पुष्कळ संस्थांना आधार मिळतो. पण दारात निसान स्कायलाइन जीटी-आर किंवा नव्वदच्या दशकातली टोयोटा सुप्रा उभी असेल, तर तो टिकत नाही.

आधी वजावटीचं पाहू. बाजारभावाची समजूत जुन्या कायद्यातली आहे. २००३ साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने दान झालेल्या ५४ गाड्यांचा माग काढला. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत, दात्याने दाखवलेल्या किमतीच्या ५ टक्के किंवा त्याहून कमी रक्कम संस्थेच्या हाती पडली होती. २००४ च्या कायद्याने मग दोर आवळला. ५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट मागायची असेल आणि संस्थेने गाडी स्वतः न वापरता नुसती विकली असेल, तर विक्रीतून जे आलं त्याहून जास्त वजावट मिळत नाही. त्यावर आणखी एक गाठ आहे. संस्थेच्या मूळ कार्याशी वस्तूचा संबंध नसेल, तर वाढलेल्या किमतीचा लाभ दात्याला मिळत नाही. समजा, १९९७ साली ४० हजार डॉलरला घेतलेली सुप्रा संस्थेने आज एक लाखाला विकली. तरी वजावट खरेदीच्या ४० हजारांवरच थांबते. ठोक लिलावात ती २० हजारांना गेली, तर २० हजारांवर. त्यातून मध्यस्थ कंपनीचा वाटा गेला की संस्थेच्या पदरात पडतं ते आणखी कमी.

अशी गाडी मातीमोल का जावी, हे तिच्याजवळ उभं राहिल्यावर कळतं. आर३४ जीटी-आरचं बॉनेट उघडलं की पत्र्यावर 'बीएनआर३४' आणि त्यापुढे छोटासा क्रमांक दिसतो. अमेरिकेत १९८१ पासून रूढ असलेला सतरा अक्षरी क्रमांक जपानी बाजारासाठी बनलेल्या गाडीला नसतोच. दानाच्या अर्जातला ठरावीक रकाना आणि भाव सांगणारी संगणकी यादी तिथेच अडखळते. तिची खरी ओळख कागदांत असते. जपानमधल्या लिलावाचा तपासणी-तक्ता पाहावा : एकच पान, त्यावर गाडीचं रेखाचित्र, आणि चित्रावर हाताने टिपलेल्या खुणा. 'ए१' म्हणजे बारीक ओरखडा, 'यू' म्हणजे पोचा, 'डब्ल्यू' म्हणजे दुरुस्तीची लाट. कोपऱ्यात दर्जाचा आकडा. तिथे ४.५ आहे की 'आर', म्हणजे मोठी दुरुस्ती झालेली, यावर भाव कुठल्या कुठे जातो. टो ट्रकवाला किल्ली आणि मालकीपत्र घेऊन जातो; ही फाइल घरच्या कपाटात राहते. शिवाय परदेशी बाजारासाठीच्या गाड्या २५ वर्षांच्या झाल्यावरच अमेरिकेत एरवी मोकळेपणाने आणता येतात, त्यामुळे १९९९ मध्ये आलेल्या आर३४ जीटी-आरला हे दार २०२४ पासून उघडलं. तिचं गिऱ्हाईक ठोक बाजारात बसलेलं नसतं.

दुसरा पक्ष म्हणतो, मग स्वतः विका आणि चेक द्या. हा पक्ष मला पुष्कळसा मान्य आहे. नफ्यावर कर भरावा लागतो, पण रोख देणगीची वजावट खरेदीच्या किमतीवर अडत नाही, आणि विक्रेता मालक स्वतः असल्याने फाइलही गाडीबरोबर जाते. मात्र 'चेक आणि गाडी सारखीच' हे त्यातलं गृहीतक खरं नाही. जानेवारी २०१९ मध्ये ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलच्या लिलावात नव्या पिढीची पहिली सुप्रा २१ लाख डॉलरला गेली. सगळी रक्कम अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि बॉब वुडरफ फाउंडेशन यांच्यासाठी होती. त्या मॉडेलची शोरूममधली किंमत तेव्हा ५०-५५ हजारांच्या घरातली होती. त्याआधी २०१६ मध्ये तिथेच पहिली नवी ॲक्युरा एनएसएक्स १२ लाखांना गेली, मुलांच्या मेंदूतील गाठींवर काम करणाऱ्या संस्थेसाठी. पहिल्या क्रमांकाचा मान त्या किमतीत होता आणि दाता खुद्द उत्पादक होता, हे मी नाकारत नाही. तरीही भर सभेत, संस्थेच्या नावाने, वस्तू समोर ठेवून विकली की बोली लावणाराही दानात सामील होतो. चेकने ते घडत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि आपल्या माणसांना तोच जास्त पटतो : दात्याने अटी घालू नयेत, दान निरपेक्ष असावं. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला परतफेडीची आशा वर्ज्य आहे, पण त्याच ठिकाणी स्थळ, काळ आणि पात्र पाहायलाही सांगितलं आहे. सोडायची ती फळाची अपेक्षा. पात्राची चौकशी सोडायला कुणी सांगितलेलं नाही. कॅन्ससमधल्या मॅकफर्सन कॉलेजात जुन्या गाड्यांच्या पुनरुज्जीवनाची चार वर्षांची पदवी मिळते. अशा ठिकाणी इंजिन उघडून शिकणाऱ्या मुलांच्या हातात गाडी गेली, तर ती संस्थेच्या मूळ कार्यातच वापरली जाते. तिथे कायदाही बाजारभाव मानतो. मूल्यांकन मात्र रीतसर हवं, आणि संस्थेने तीन वर्षांच्या आत गाडी विकली तर वजावटीवर पाणी फिरू शकतं.

म्हणून फोनवर पहिल्यांदा विचारावं ते एवढंच : गाडी तुम्ही वापरणार की विकणार? विकणार असाल तर कुठल्या लिलावात, कुणाच्या नावाने, राखीव किंमत किती ठेवून? फाइल कुणाच्या हातात देऊ? उत्तरादाखल टो ट्रकची वेळच कळवली, तर किल्ली देऊ नये.