छोटा लॅपटॉप घेताय? किमतीच्या आधी ‘नंतर काय बदलता येणार नाही’ ते बघा

जून-जुलै आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. एक लिंक आणि खाली प्रश्न, ‘ताई, हा घेऊ का?’ यंदा मावसभावाने पाठवला. ११.६ इंची स्क्रीन, दिसायला देखणा, किंमत वीस हजारांच्या आत. मावशीने भिशीचे पैसे त्यासाठीच बाजूला ठेवलेत, म्हणजे दुसरा घ्यायची सोय पुढची तीन वर्षं नाही.

मी लिहिलं, ‘थांब.’ कारण असाच एक मी डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला घेतला होता. स्टोरेज ३२ जीबी. त्यातली निम्म्याहून जास्त जागा विंडोजनेच खाल्ली. सहा महिन्यांनी मोठं अपडेट आलं, त्याला जागा पुरेना. फोटो उडवले, गाणी उडवली, तरी पुरेना. प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री मी सायबर कॅफेत बसले होते. रिपेअरवाल्याला विचारलं, स्टोरेज वाढवून मिळेल का? तो म्हणाला, ‘मॅडम, ते बोर्डावरच चिकटवलेलं आहे.’

छोट्या लॅपटॉपची खरी गोम इथेच आहे. आकार आणि किंमत कमी करायची म्हणून कंपन्या रॅम आणि स्टोरेज थेट मदरबोर्डवर सोल्डर करतात. जे पहिल्या दिवशी घेतलं तेच शेवटपर्यंत.

ही तडजोड नवी नाही. २००७ मध्ये असूसने ‘ईई पीसी’ आणला, ७ इंची स्क्रीन आणि ४ जीबी स्टोरेजचा. त्यातून ‘नेटबुक’ नावाची लाटच आली. फक्त इंटरनेट बघायला ठीक होते, पण लोकांनी त्यांच्याकडून पूर्ण कॉम्प्युटरचं काम मागितलं, आणि पुढे टॅबलेट आल्यावर ही लाट ओसरली.

आता आकडे बघू. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची किमान अट आहे ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज. स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपवर नेमके हेच आकडे दिसतात. पण ही अट विंडोज सुरू होण्याची आहे, त्यावर तुमचं काम आरामात होण्याची नाही. क्रोममध्ये आठ-दहा टॅब, बाजूला झूम आणि एक वर्ड फाईल, एवढ्यात ४ जीबीचा दम निघतो. रॅम ८ जीबीच्या खाली नको, आणि ती सोल्डर केलेली असेल तर जमल्यास १६ घ्या.

स्टोरेजमध्ये आकड्याइतकाच प्रकार महत्त्वाचा. ‘ईएमएमसी’ लिहिलं असेल तर ती साध्या फोनमध्ये असते त्या जातीची चिप. तिचा वेग कागदावरसुद्धा सेकंदाला ४०० एमबीच्या आसपास संपतो. साधी एनव्हीएमई एसएसडी दीड-दोन हजारांच्या पुढे सहज जाते. ‘एक टीबीपर्यंत वाढवता येईल’ ही ओळ दिसली तर विचारा, कशाने? बऱ्याचदा उत्तर मेमरी कार्ड असतं. त्यावर सिनेमे ठेवा, विंडोजची अडचण त्याने सुटत नाही. काही मॉडेलमध्ये ईएमएमसीसोबत एसएसडीसाठी एम.२ ची रिकामी जागा असते. तसं असेल तर सौदा वाईट नाही.

दुकानात डेमो पीस असेल तर सेल्समनला विचारत बसू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘एसओडीआयएमएम’ दिसलं तर रॅम काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर ती बोर्डावर पक्की आहे.

प्रोसेसरच्या नावात मात्र भलतीच फसवणूक होते. सेलेरॉन एन४०२० हा दोन कोअरचा प्रोसेसर, २०१९ चा. इंटेलने २०२३ पासून नव्या लॅपटॉपसाठी सेलेरॉन आणि पेंटियम ही नावंच बंद केली, पण जुना माल विकला जातोच. त्याच पट्ट्यातला एन१०० चार कोअरचा आहे आणि रोजच्या कामाला बराच बरा. एएमडीचं कोडं वेगळंच. रायझन ५ ७५२०यू नावावरून नवा वाटतो, पण तिसरा आकडा २ म्हणजे आतलं डिझाइन झेन २, मूळ २०१९ चं. ७५३०यू मध्ये तो आकडा ३ आहे, म्हणजे झेन ३. नावात एका आकड्याचा फरक, आत एका पिढीचा.

आणि क्रोमबुक? सगळं काम ब्राउझरमध्ये होत असेल तर ४ जीबीतही ते विंडोजपेक्षा हलकं चालतं. गुगलने २०२३ मध्ये क्रोमबुकला १० वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं. पण ती वर्षं त्या मॉडेलचं हार्डवेअर बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही बिल केल्यापासून नाही. जुना साठा सेलमध्ये घेताना हे तपासाच. शिवाय टॅली, श्री-लिपी अशी विंडोजची सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाहीत, त्यामुळे अकाउंट्स किंवा डीटीपीवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये. नुसतं मराठी टायपिंग हा प्रश्न असेल तर काळजी नको. विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड २०१९ पासून आहे.

स्क्रीनबद्दल थोडक्यात. १३६६ बाय ७६८ टाळा, फुल एचडी आणि आयपीएस बघा. नाहीतर लॅपटॉप जरा तिरका केला की रंग उडालेले दिसतात. यूएसबी-सी ने चार्जिंग होत असेल तर फार सोय होते, चार्जर हरवला तरी गावात दुसरा मिळतो. आणि इंच कमी म्हणजे वजन कमी, असं धरून चालू नका. वजनाचा आकडा वेगळा वाचा.

मावसभावाला मी शेवटी सेकंडहँडचा पर्याय दिला. ऑफिसांतून निघालेले १२-१३ इंची बिझनेस लॅपटॉप लॅमिंग्टन रोडपासून जिल्ह्याच्या गावापर्यंत रिफर्बिश्ड म्हणून मिळतात. उदाहरणार्थ, डेल लॅटिट्यूड ७२९०. १२.५ इंची, रॅमही बदलता येते, एसएसडीही. अट एकच, इंटेल असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. त्याआधीच्या बहुतेक सगळ्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बॅटरी थकलेली असणार हे गृहीत धरून तिचे पैसे वेगळे ठेवायचे, आणि दुकानाची वॉरंटी बिलावर लिहून घ्यायची.

त्याचं उत्तर आलं, ‘दिसायला जुनाट आहे गं.’ आहेच. पण मावशीने दुकानाचा पत्ता मागितलाय.