कंटेनरमधला कारभारी

अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना या राज्याने सर्व्हरांच्या कारभाराला दोन देणग्या दिल्या, आणि त्या दोहोंची गाठ पडण्यास पासष्ट वर्षे जावी लागली. पहिली देणगी मॅक्स्टन गावी 1913 साली जन्मलेल्या माल्कम मॅक्लीन या मालमोटार-व्यावसायिकाची. बंदरावर एकेक गासडी मोटारीतून उतरवून जहाजात चढविण्यात जो काळ आणि द्रव्य खर्ची पडते, ते वाचविण्यासाठी मोटारीची अख्खी पेटीच उचलून जहाजावर ठेवावी, ही कल्पना त्याने 26 एप्रिल 1956 रोजी प्रत्यक्षात आणली, आणि ‘आयडियल एक्स’ हे जहाज अशा 58 पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले. न्हावाशेव्याच्या धक्क्यावर आज रंगीबेरंगी कंटेनरांच्या ज्या राशी दिसतात त्यांचा मूळपुरुष तो. दुसरी देणगी ‘अ‍ॅन्सिबल’ या साधनाची असून ती रॅले-डरहॅमच्या परिसरात 2012 साली जन्मास आली.

सर्व्हरांची व्यवस्था लावणाऱ्या साधनांचे कूळ मात्र अमेरिकेबाहेर सुरू होते. पूर्वी प्रत्येक सर्व्हरवर जाऊन व्यवस्थापक स्वहस्ते आज्ञा टंकित असे. त्यामुळे एकाच दिवशी उभारलेली दोन यंत्रे वर्षभरात परस्परांशी इतकी विसंगत होत की एकावर चालणारा उपाय दुसऱ्यावर अपाय ठरे. ऑस्लो येथे संशोधन करणाऱ्या मार्क बर्जेस या पदार्थवैज्ञानिकाने 1993 साली ‘सीएफइंजिन’ रचले. यंत्राला कृतींची यादी न देता त्याची इष्ट स्थिती सांगावी, आणि तीच आज्ञा कितीही वेळा दिली तरी फल एकच यावे, हे सूत्र या कुळात त्याच्यापासून रुजले. पुढे ल्यूक कॅनीज याने 2005 साली ‘पपेट’ आणि सिअ‍ॅटलच्या अ‍ॅडम जेकबने 2009 साली ‘शेफ’ आणले. या दोहोंतही सामान्य रिवाज असा की प्रत्येक सर्व्हरवर एक कायमचा एजंट तैनात असावा, त्याने ठराविक मुदतीने मुख्य ठाण्याकडे विचारणा करावी आणि येईल त्या हुकमाची तामिली करावी.

अ‍ॅन्सिबलचा कर्ता मायकेल डीहान याला या तैनाती फौजेचा जाच ठाऊक होता. रेड हॅट या कंपनीत असताना त्याने इतरांसमवेत ‘फंक’ नावाचे साधन रचले होते, आणि त्यातही प्रत्येक यंत्रावर सेवक बसविणे व त्याचे प्रमाणपत्र सांभाळणे ओघाने आलेच. फेब्रुवारी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अ‍ॅन्सिबलमध्ये त्याने हे सर्व काढून टाकले: परक्या यंत्रावर एसएसएच या सुरक्षित जोडणीने जावे, तेथे असलेल्या पायथनकडून काम करवून घ्यावे, आणि मागे काही न ठेवता परतावे. ताऱ्याताऱ्यांतील अंतर न मानता तत्क्षणी निरोप पोहोचविणाऱ्या यंत्राला उर्सुला ले ग्विन या लेखिकेने 1966 च्या कादंबरीत दिलेले नाव त्याने उचलले. ऑक्टोबर 2015 मध्ये रेड हॅटने त्याची कंपनी विकत घेतली, आणि ज्या दरबारातून तो बाहेर पडला होता त्याच दरबारात त्याचे अपत्य दाखल झाले.

येथे एक गोष्ट त्या काळच्या कौतुकाच्या भरात दुर्लक्षिली गेली असे मला वाटते. शेकडो सर्व्हरांवरील भार उतरला खरा, परंतु तो नाहीसा झाला नव्हता. हुकूम देणाऱ्याच्या स्वतःच्या यंत्रावर तो येऊन पडला होता. ते यंत्र विंडोजचे असेल तर अ‍ॅन्सिबल त्यावर थेट चालतच नसे. लिनक्सचे वा मॅकचे असले तरी पायथनची अमुक आवृत्ती, मेघसेवांशी बोलणारी तमुक ग्रंथालये, आणि सहकाऱ्याच्या यंत्रावर यांपैकी प्रत्येकाची किंचित निराळी आवृत्ती, असा प्रकार सुरू झाला. 2019 च्या 2.9 या आवृत्तीत एकेका कामापुरती रचलेली तीन हजारांवर मॉड्यूल एकाच गाठोड्यात होती. पुढल्याच वर्षी ती फोडून ‘कलेक्शन’ म्हणून अलग करण्यात आली, आणि प्रत्येक कलेक्शनचा आवृत्तिक्रम निराळा चालू लागला. हुकुमांचे एकच टिपण, म्हणजे प्लेबुक, एकाच्या हाती चाले आणि दुसऱ्याच्या हाती अडे. सर्व्हरांतील विसंगती मिटवू निघालेल्या कारभाऱ्याच्या घरातच तीच विसंगती नांदू लागली.

तिकडे मॅक्लीनच्या पेटीने संगणकात नवा अवतार घेतला होता. एखाद्या प्रक्रियेला तिच्यापुरती निराळी मूळ निर्देशिका दाखवावी, ही युक्ती 1979 च्या सातव्या युनिक्समध्ये बेल प्रयोगशाळेत अवतरली. गूगलच्या अभियंत्यांनी रचलेली साधनवाटपाची यंत्रणा 2008 साली लिनक्सच्या गाभ्यात सामील झाली. आणि मार्च 2013 मध्ये सांता क्लारा येथील पायथन परिषदेत सॉलोमन हाइक्स याने पाच मिनिटांच्या भाषणात प्रोग्राम व त्याचा परिसर एका पेटीत बांधणारे ‘डॉकर’ दाखविले. त्याच्या बोधचिन्हातील देवमाशाच्या पाठीवर मालवाहू कंटेनरच रचलेले आहेत. आता सर्व्हर दुरुस्त करण्याऐवजी पेटीच बदलता येईल, सबब व्यवस्था लावणाऱ्या साधनांचे प्रयोजन संपले, असे भाकीत त्या काळी सर्रास ऐकू येई. भाकिते करणाऱ्यांनी पेट्या ज्या यंत्रांवर ठेवायच्या त्या यंत्रांचा विचार केला नव्हता. अ‍ॅन्सिबलनेच कंटेनर घडवावेत असा एक उपक्रमही 2016 साली निघाला, पण तो अल्पायुषी ठरला.

टिकली ती उलटी वाट. अ‍ॅन्सिबल, त्याचा पायथन, ग्रंथालये आणि कलेक्शने यांची एक इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, बांधून तिच्यातूनच हुकूम सोडावेत, अशी घरगुती व्यवस्था अनेकांनी आपापल्या परीने लावली. फिरतीवर निघालेल्या मामलेदाराने शिक्के, दौत आणि दप्तर बरोबर घेऊन मुक्कामाच्या गावी काही मागू नये, तसा हा प्रकार. अखेर 2021 मध्ये रेड हॅटने आपल्या अ‍ॅन्सिबल-मंचाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यास ‘एक्झिक्यूशन एन्व्हायर्न्मेंट’ या नावाने सनद दिली. याची निकड पुढे 2024 साली नीट प्रत्ययास आली. अ‍ॅन्सिबलच्या 2.17 या गाभ्याने दूरच्या यंत्रांवरील पायथन 3.6 चा आधार सोडला, आणि रेड हॅटच्याच लिनक्सच्या आठव्या आवृत्तीतील पॅकेजव्यवस्था तर त्याच पायथनवर अवलंबून. ज्याच्या ताब्यात आठव्या आणि नवव्या अशा दोन्ही पिढ्यांचे सर्व्हर, त्याने एका इमेजमध्ये जुना 2.16 आणि दुसरीत नवा गाभा ठेवला की दोन्ही एकाच टेबलावर निर्वेध चालतात.

या व्यवस्थेलाही तिचे उपद्रव आहेतच. एसएसएचची खासगी किल्ली इमेजमध्ये कोरून ठेवणे म्हणजे ती इमेज ज्याला मिळेल त्याच्या हाती तिजोरी देणे. किल्ली इमेज चालविण्याच्या वेळी बाहेरून, केवळ वाचनापुरती, जोडावी लागते. कंटेनर एखाद्या अनामिक वापरकर्ता-क्रमांकाने चालविला आणि त्या क्रमांकाचे नाव आतील पासवर्ड-फाइलीत नसले, तर असा कोणी वापरकर्ताच नाही म्हणून एसएसएच काम करण्यास साफ नकार देते. सर्वांत चकवा देतो तो ‘लोकलहोस्ट’. कंटेनरच्या आतून या नावाला दिलेला हुकूम कंटेनरवरच बजावला जातो, आणि काम संपताच तो कंटेनर नष्ट झाल्यावर केलेली सर्व व्यवस्था त्याच्यासह जाते. म्हणून ज्या यंत्रावर कंटेनर चालला आहे त्याच यंत्राची घडी बसवावयाची असेल, तर त्याचेही नाव परक्या सर्व्हरांप्रमाणे इन्व्हेंटरी या यादीत नोंदवून, एसएसएचच्या वाटेने, बाहेरून आल्यासारखे त्याच्या दारी जावे लागते.