लहान मुलाची चोरी : शाळा आणि घर

शाळेंतून एक चिठ्ठी घरीं येते. आपल्या चिरंजीवानें वर्गांतील दुसऱ्या मुलाची पेन्सिल, किंवा रंगीत खडूंची पेटी, किंवा कोणाच्या दप्तरांतील खाऊचे पैसे घेतल्याचें आढळून आलें आहे. तरी आपण याची योग्य ती दखल घ्यावी, एवढाच तिच्यांतील मजकूर. चिठ्ठी वाचतांच वडिलांचा हात मुलाच्या गालाकडे जातो, आईच्या डोळ्यांत पाणी येतें, आणि 'आमच्या घराण्यांत असें कधीं कोणीं केलें नाहीं' हें वाक्य उच्चारलें जातें. मूल अवघें सहा वर्षांचें असतें. शाळेंत त्याला एकदां शिक्षा झालेली असते. घरीं दुसऱ्यांदां होते. शाळा व घर यांचें सहकार्य तें हेंच, अशी बऱ्याच सुशिक्षित कुटुंबांचीही समजूत असते.

हें सहकार्य खरें कीं खोटें, याचा निवाडा करण्याआधीं थोडें मागें वळून पाहणें उपयोगाचें होईल. लहान मुलाच्या चोरीकडे समाजानें कोणकोणत्या दृष्टींनीं पाहिलें, आणि शिक्षक व आईबाप या प्रश्नासाठीं एका ठिकाणीं केव्हां बसूं लागले, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

प्रथम कायद्याकडे पाहूं. इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्याप्रमाणें सात वर्षांखालील मूल गुन्हा करूंच शकत नाहीं, असें मानीत. सात ते चौदा या वयांत मुलाला आपल्या कृत्याची दुष्टता कळत नव्हती असें आधीं गृहीत धरीत; मात्र हें गृहीत पुराव्यानें खोडून काढतां येई. आपल्याकडे १८६० सालीं जी दंडसंहिता झाली तिच्या ८२ व्या कलमानें सात वर्षांखालील मुलाचें कोणतेंही कृत्य गुन्हा ठरत नसे. आणि ८३ व्या कलमानें सात ते बारा वर्षांच्या मुलाची समज पुरेशी पक्व झालेली नसेल, तर त्यालाही तेंच संरक्षण मिळे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्या २० व २१ या कलमांत याच वयोमर्यादा कायम राहिल्या आहेत. म्हणजे पहिलीच्या वर्गांतील मुलानें दुसऱ्याची पेटी उचलली, तर त्याला गुन्हेगार म्हणावयास खुद्द दंडाचा कायदाही तयार नाहीं. तो शब्द लावतों ते आपण, आणि तोही घरांत बसून.

पण सात वर्षांची ही वेस ओलांडली कीं त्या काळीं मुलाची गांठ पडे ती दंडशक्तीशींच. १८५० च्या उमेदवारीच्या कायद्यानें किरकोळ गुन्हे करणाऱ्या मुलांस कारागिरांच्या हाताखालीं बांधून देण्याची सोय केली. मुंबईंत डेव्हिड ससून यांच्या नांवाचें सुधारगृह १८५७ सालीं निघालें. १८६४ च्या फटक्यांच्या कायद्यानें बाल-अपराध्यास इतर शिक्षेऐवजीं फटके मारण्याची मुभा न्यायाधीशास दिली, आणि फटक्यांची शिक्षा आपल्या देशांतून कायद्यानें नाहींशी व्हावयास १९५५ साल उजाडलें. या सर्व व्यवस्थेंत एक उणीव समान होती. मुलानें काय घेतलें हें तिला ठाऊक असे. कां घेतलें हें विचारण्याची जागाच तिच्यांत नव्हती. जीं दोन माणसें तें सांगूं शकलीं असतीं, मुलाची आई आणि त्याचा शिक्षक, त्यांना या व्यवस्थेंत स्थान नव्हतें.

या दृष्टीचें सर्वांत कठोर रूप म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. त्यानें कित्येक जमातींच्या माणसांवर जन्मानेंच चोरपणाचा शिक्का मारला, आणि १८९७ च्या दुरुस्तीनें तर चार वर्षांपासूनच्या मुलांना आईबापांपासून वेगळें करून सुधार-वसाहतींत ठेवण्याची तरतूद केली. मूल सुधारावयाचें तर तें आईबापांपासून तोडलें पाहिजे, असा या तरतुदीमागील तर्क होता. आपल्या सोलापुरासही अशी एक वसाहत होती. १९५२ सालीं त्या जमाती या कायद्याच्या जाचांतून मुक्त झाल्या. परंतु वर्गांत कांहीं हरवलें कीं शोधणाऱ्याची नजर आधीं गरिबाच्या किंवा अशा जमातीच्या मुलाच्या दप्तराकडे वळते, ही संवय कायदा रद्द झाल्यानें आपोआप रद्द झालेली नाहीं.

'कां घेतलें' हा प्रश्न पद्धतशीरपणें विचारला जाऊं लागला तो गेल्या शतकाच्या आरंभीं. अमेरिकेंत शिकागो येथें १८९९ सालीं मुलांसाठीं स्वतंत्र न्यायालय स्थापन झालें. तेथें येणाऱ्या मुलांची तपासणी करण्यासाठीं १९०९ सालीं विल्यम हीली या डॉक्टरांनीं काम सुरू केलें, आणि १९१५ सालीं मुलांच्या प्रामाणिकपणावर व अप्रामाणिकपणाच्या कारणांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. लंडनमध्यें सिरिल बर्ट यांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असेंच दाखविलें कीं, बालगुन्ह्याला एकच एक कारण क्वचित् असतें; घर, प्रकृति, सोबत, शाळेंतील अपयश असे अनेक धागे एकमेकांत गुंतलेले असतात. स्वित्झर्लंडमध्यें झां पियाजे यांनीं निराळ्याच बाजूनें या प्रश्नाला हात घातला. गरीब मित्रासाठीं पाव चोरणारा मुलगा आणि स्वतःच्या हौसेसाठीं फीत चोरणारी मुलगी, यांत अधिक वाईट कोण, असें ते मुलांना विचारीत. अगदीं लहान मुलें हेतु पाहत नसत, वस्तु किती मोठी हें पाहत; हेतूचा विचार पुढें वयाबरोबर येई. १९३२ सालच्या त्यांच्या ग्रंथांतील हें निरीक्षण आईबापांनीं अवश्य ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आपण ज्या नीतीच्या भाषेंत मुलाला जाब विचारतों, ती भाषा त्याला अजून यावयाची असते.

परंतु न्यायालय असो कीं प्रयोगशाळा, शिक्षक आणि आईबाप अद्याप दूरच होते. त्यांना एका खोलींत आणून बसविण्याचें श्रेय प्रामुख्यानें व्हिएन्ना शहराला द्यावें लागतें.

पहिलें महायुद्ध संपलें तेव्हां व्हिएन्नाची दशा दीनवाणी होती. साम्राज्य मोडलें होतें; अन्नाची टंचाई होती; अनेक मुलांचे बाप रणांगणावरून परत आले नव्हते. अशा शहराची सत्ता समाजवादी पक्षाच्या हातीं आली, आणि ओटो ग्लोकेल यांच्या पुढाकारानें तेथील शाळांची फेररचना सुरू झाली. त्याच सुमारास आल्फ्रेड आड्लर या डॉक्टरांनीं शाळांच्या आश्रयानें मुलांसाठीं सल्लाकेंद्रें काढलीं. केंद्राला शुल्क नसे. पुढील दहा-बारा वर्षांत अशीं वीसांहून अधिक केंद्रें त्या एका शहरांत चालूं लागलीं.

तेथील कामाची पद्धत साधी पण विचारपूर्वक ठरविलेली होती. ज्या मुलाविषयीं अडचण असेल त्याची हकीकत शिक्षक आधीं लिहून आणी : मूल वर्गांत कसें वागतें, कोणाशीं खेळतें, कोणत्या विषयांत मागें पडतें, भावंडांत त्याचा क्रम कितवा. ती हकीकत वाचून तिचा अर्थ काय असावा याची चर्चा होई. मग आईला किंवा वडिलांना बोलावीत. शेवटीं मुलाशीं थोडें बोलत. पुढें काय करावयाचें हें ठरलें म्हणजे तें पार पाडण्याचें काम शिक्षकावर व आईबापांवर सोंपवीत. हें सर्व इतर शिक्षकांच्या समक्ष चाले, कारण त्यांनाही ही विद्या शिकावयाची असे. मुलाची गोष्ट अशी चारचौघांसमोर काढावी काय, यावर त्या काळींही आक्षेप निघाले, आणि ते अगदींच निराधार होते असें म्हणतां येणार नाहीं.

आड्लर यांचा एक नियम मात्र सोन्याच्या मोलाचा आहे. आईबाप शाळेंत येतात ते आपणांस दोष दिला जाणार या भीतीनें. म्हणून, दोष देण्यास कारण असलें तरीही, सल्लागारानें त्यांना दोष देऊं नये. ज्याला आरोपी केलें तो माणूस माहिती सांगत नाहीं, बचाव करतो. आणि माहितीवांचून तर पुढें पाऊल पडत नाहीं. मुलाविषयींही त्यांचा दृष्टिकोन असाच होता. धाकटें भावंड जन्मलें म्हणजे थोरल्याला आपलें राज्य गेल्यासारखें वाटतें. आपण उणे आहों, आपल्याला कांहीं मिळत नाहीं, असें मनानें घेतलेलें मूल ती उणीव वस्तु उचलून भरूं पाहतें.

१९३४ च्या फेब्रुवारींत व्हिएन्नांत यादवी झाली. समाजवादी नगरसत्ता उलथली, ग्लोकेल यांना अटक झाली, आणि त्या वर्षींच हीं केंद्रें बंद पडलीं. तीन वर्षांनीं स्कॉटलंडमध्यें आड्लर वारले. केंद्रें गेलीं, पण शिक्षक व आईबाप यांनीं मुलाचा विचार एकत्र करावा ही कल्पना टिकली.

आपल्या मुंबईंतही ही दृष्टि याच सुमारास, निराळ्या मार्गांनीं आली. १९२४ चा मुंबईचा बालकांचा कायदा आणि त्यानंतर १९२७ सालीं निघालेलें मुलांचें न्यायालय, हा एक मार्ग. १९३६ सालीं सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याचें विद्यालय सुरू झालें व पुढच्याच वर्षीं त्यानें बालमार्गदर्शन केंद्र काढलें, हा दुसरा. आणि गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाई मोडक यांनीं बालशिक्षणाबरोबर पालकशिक्षणाचाही जो पाठपुरावा केला, तो तिसरा. तिन्ही मार्गांवर एकच अनुभव आला : घर वगळून मूल समजत नाहीं.

आतां या इतिहासाचा धडा आपल्या चिठ्ठीला लावून पाहूं. समजा, दुसरीच्या वर्गांतील एक मुलगा गेले पंधरा दिवस इतरांच्या पेन्सिली उचलतो. शिक्षिकेला एक गोष्ट ठाऊक आहे : त्या पेन्सिली तो स्वतः वापरीत नाहीं, मधल्या सुटींत दुसऱ्या मुलांना वाटून टाकतो. आईला एक गोष्ट ठाऊक आहे : महिन्यापूर्वीं घरांत बाळ आलें, आणि तेव्हांपासून हा आजीजवळ झोपतो. शिक्षिकेला बाळ ठाऊक नाहीं. आईला वाटलेल्या पेन्सिली ठाऊक नाहींत. एकटीला दिसतो तो निलाजरेपणा, दुसरीला दिसतो तो हट्ट. दोघी अर्धा तास शांतपणें बोलल्या, तर तिसरीच गोष्ट दिसूं लागते : मूल पेन्सिली देऊन सोबती विकत घेत आहे, कारण घरची सोबत त्याला हरवल्यासारखी वाटते. डोनल्ड विनिकॉट या इंग्रज बालवैद्यांनीं १९५६ सालीं असेंच मत मांडलें कीं, चोरणारें मूल ती वस्तु शोधीत नसतें; ज्या मायेवर आपला हक्क आहे असें त्याला वाटतें, ती माया तें शोधीत असतें. प्रत्येक वेळीं कारण हेंच असेल असें नाहीं. कधीं तें साध्या भुकेचें असतें, कधीं थोरल्या मुलांच्या धाकाचें, कधीं 'माझें' व 'तुझें' यांतील भेद अजून न कळल्याचें. पण कारण कोणतेंही असो, तें दोन ठिकाणीं अर्धें-अर्धें विखुरलेलें असतें.

म्हणून अशा वेळीं दोघांनीं आधीं कांहीं गोष्टी ठरवून घ्याव्या. वस्तु परत गेलीच पाहिजे. परंतु ती गाजावाजा न करतां, मोठ्या माणसाच्या सोबतीनें मुलाच्याच हातून परत जावी. वर्गासमोर दप्तरें झडवूं नयेत. जें आपल्याला आधींच ठाऊक आहे, तें 'तूं घेतलेंस का?' म्हणून विचारूं नये. त्या प्रश्नानें एका चुकीला खोटेपणाची जोड मात्र मिळते. 'चोर' हा शब्द घरांत नको, शाळेंत नको, भावंडांच्या थट्टेंतही नको. शाळेंतील मारास व मानसिक छळास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें मनाई केली आहे; घरच्या मारावर पहारा ठेवणारें कोणी नसतें, तो आपला आपणच ठेवावा लागतो. आणि कांहीं आठवड्यांनीं दोघांनीं पुन्हां एकदां भेटावें. कारण पहिल्या भेटींत ठरलेलें पार पडलें कीं नाहीं हें पाहिल्यावांचून ती भेट फुकट जाते.

येथें कोणी म्हणेल कीं, एवढें गोंजारल्यानें मूल शेफारेल. या शंकेला गांधीजींच्या आत्मकथेंतील प्रसंग उत्तर देतो. पंधराव्या वर्षीं त्यांनीं भावाच्या कड्यांतील सोन्याचा तुकडा चोरला, आणि नंतर स्वतःच चिठ्ठी लिहून वडिलांच्या हातीं दिली. वडिलांनीं ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून अश्रू आले, आणि त्यांनीं ती फाडून टाकली. शिक्षा झाली नाहीं. चोरीही पुन्हां झाली नाहीं. अर्थात् तो मुलगा पंधरा वर्षांचा होता, स्वतःचा अपराध शब्दांत मांडण्याइतका मोठा होता. सहा वर्षांच्या मुलाला अशी चिठ्ठी लिहितां येत नाहीं. त्याची चिठ्ठी त्याच्या वागण्यांत असते. अर्धी शाळेंत लिहिलेली, अर्धी घरीं. ती जुळवून वाचण्याचें काम मोठ्यांचें आहे.

शाळेनें दिलेल्या शिक्षेंत घरानें आपल्या शिक्षेची भर घालणें, ही केवळ शिक्षांची बेरीज झाली. तिला सहकार्य म्हणतां येणार नाहीं. शिक्षकाला जें ठाऊक आहे त्यांत आईबापांनीं आपल्याला ठाऊक असलेलें मिळवावें, आणि त्या बेरजेंतून मुलाला उणें काय पडलें आहे तें शोधून काढावें, हेंच खरें सहकार्य होय. शाळेची चिठ्ठी पुढच्या वेळीं आली, तर तिचें उत्तर मुलाच्या गालावर न देतां दुसऱ्या दिवशीं स्वतः शाळेंत जाऊन द्यावें, एवढेंच मला सांगावयाचें आहे.