माशांचा डबा

आयुष्य मत्स्यबीज केंद्रावर गेलं. कुठे मासे सोडल्याची गोष्ट निघाली की माझा पहिला प्रश्न असतो, नेले कशातून? जिरं, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, वाटेत तगलं तर पुढचं सगळं. म्हणूनच अमेरिकी सरकारच्या मत्स्यसंवर्धनाच्या इतिहासात मला लिव्हिंग्स्टन स्टोन जवळचा वाटतो.

१८७१ साली तिथे मत्स्य आयोग नेमला गेला तो मासे का घटले, याच्या चौकशीसाठी. प्रमुख होते स्मिथसोनियन संस्थेचे स्पेन्सर बेअर्ड. या कामाचा त्यांना पगार नव्हता. पण मासे घटायची कारणं म्हणजे बंधारे, गिरण्यांची घाण, बेसुमार मासेमारी; यांतल्या कशालाही हात लावला की कोणीतरी दुखावणार. पिल्लं सोडली तर सगळेच खूश! १८७२ मध्ये त्यासाठी १५,००० डॉलर मंजूर झाले.

स्टोन मूळचा धर्मोपदेशक. ते सोडून न्यू हॅम्पशायरमध्ये ट्राउट पाळत होता. पूर्वेच्या ओस पडलेल्या नद्यांसाठी सामनची अंडी आणायला बेअर्डनी त्याला कॅलिफोर्नियात धाडलं. मॅक्लाउड नदीकाठी, विन्नेमेम विंतू लोकांच्या मुलखात, त्याने केंद्र थाटलं. मादीचं पोट हाताने दाबून अंडी काढायची, शेवाळाच्या थरांत बसवायची, बर्फ घालून रेल्वेने पाठवायची. पहिल्या वर्षी पाठवलेली बहुतेक अंडी वाया गेली.

१८७३ मध्ये उलटी खेप निघाली. रेल्वेच्या एका डब्यातच टाक्या बसवून त्यात पूर्वेचे मासे भरले. ८ जूनला नेब्रास्कात एल्कहॉर्न नदीवरचा पूल कोसळला आणि डबा माशांसकट पाण्यात गेला. स्टोन कसाबसा बाहेर आला. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. हा गडी महिन्याभरात शॅड माशाची सुमारे ३५,००० पिल्लं कॅनमधून सांभाळत कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीवर हजर! रात्री-अपरात्री पाणी बदलत बसणं काय असतं, ते मला विचारा.

शॅड तिकडे रुजला. १८७९ मध्ये नेलेले १३२ पट्टेरी बासही असे फोफावले की वीस वर्षांत त्यांची वार्षिक पकड दहा लाख पौंडांवर गेली. पूर्वेला मात्र सामनची लाखो अंडी वाहिली, पण मासा टिकला नाही. १८७७ मध्ये जर्मनीहून ३४५ कार्प आले, म्हणजे आपला सायप्रिनस. खासदार मतदारसंघात त्यांची पिल्लं वाटायचे. पुढे तोच मासा पाणी गढूळ करतो म्हणून शिव्या खाऊ लागला. फुकट वाटलेल्या बीजाची कथा सगळीकडे सारखीच.

१९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात शास्ता धरण झालं. स्टोनचं केंद्र बुडालं, सामनची वाट बंद झाली. तोवर तिथली अंडी न्यूझीलंडला जाऊन रुजली होती. २०१० मध्ये विन्नेमेम विंतू त्या माशांची माफी मागायला तिथवर गेले. आज धरणाच्या पायथ्याशी स्टोनच्याच नावाचं सरकारी केंद्र आहे. २०२२ मध्ये तिथली सुमारे ४०,००० अंडी माणसांनी धरणापलीकडे नेऊन मॅक्लाउडच्या पाण्यात ठेवली.