रॅकमध्ये नेटवर्क स्विच कसा बसवतात?

पुण्यातल्या अनेक कार्यालयांत आणि कॉलेजांत कोपऱ्यात एक लोखंडी कपाट असते. हाच रॅक. त्याची रुंदी १९ इंच; उंची ‘यू’मध्ये मोजतात. १ यू म्हणजे १.७५ इंच.

आधी स्विचच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या लावा. मग एकाने स्विच धरायचा, दुसऱ्याने स्क्रू आवळायचे. हवेचे झरोके झाकू नका. वीज जोडण्याआधी अर्थिंगची तार जोडा.

तांब्याची इथरनेट केबल साधारण १०० मीटरपर्यंतच वापरतात. त्यापुढे, किंवा एका इमारतीतून दुसरीकडे जाताना, फायबर घ्या. वळवाच्या पावसात वीज कडाडली तर तांब्यातून झटका स्विचपर्यंत पोहोचू शकतो. काचेतून तो जात नाही. पुणे जिल्ह्यातच खोडदच्या जीएमआरटीचे ३० अँटेना मुख्य इमारतीशी फायबरनेच जोडलेले आहेत.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावा. एका केबलची दोन्ही टोके चुकून त्याच स्विचमध्ये गेली आणि लूप रोखणारी सोय बंद असेल, तर तेच संदेश फिरत राहतात आणि क्षणात सगळे नेटवर्क ठप्प होते. तेव्हा दोषी केबल शोधायला हा क्रमांकच कामी येतो.