क्ष-किरण यंत्रचालिकांचे शिक्षण : पॅरिस, १९१६–१९१८

विल्हेल्म राँटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला, आणि वर्षभराच्या आतच युरोपातील रुग्णालयांत त्यांचा उपयोग सुरू झाला. या शोधाचा इतिहास बहुधा भौतिकीच्या अंगाने लिहिला जातो. यंत्र प्रत्यक्ष चालविणाऱ्यांचा इतिहास मात्र उपेक्षित राहतो. प्रारंभीच्या काळात हे काम नेमके कोणाचे, हेच निश्चित नव्हते. कोठे वैद्य, कोठे छायाचित्रकार, तर कोठे विजेची कामे जाणणारा कारागीर ते करीत असे. त्यासाठी स्वतंत्र व क्रमबद्ध शिक्षण हवे, ही जाणीव पहिल्या महायुद्धाने तीव्र केली. मारी क्यूरी यांनी पॅरिसमध्ये चालविलेला अभ्यासक्रम हे त्याचे एक बोधप्रद उदाहरण होय.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा फ्रेंच सैन्याकडे क्ष-किरणांची सामग्री फारच तुटपुंजी होती. जखमी सैनिकाच्या शरीरात गोळी नेमकी कोठे रुतली आहे हे न कळल्यामुळे शल्यचिकित्सकास अंदाजाने शस्त्र चालवावे लागे. क्यूरी यांनी देणग्या मिळवून, मोटारी मागून घेऊन फिरती पथके सिद्ध केली. मोटारीच्या इंजिनावर विद्युज्जनित्र चालवावयाचे आणि त्या विजेवर क्ष-किरणांची नळी, अशी ही योजना होती. सुमारे २० मोटारी आणि २०० स्थिर केंद्रे त्यांच्या प्रयत्नाने उभी राहिली. तथापि यंत्रे मिळाली तरी ती चालविणारे मिळेनात. एखादे यंत्र केवळ जाणत्या माणसावाचून पडून राही. किंबहुना अडाणी हातात ते बिघडूनही जाई.

या अडचणीतून १९१६ मध्ये रेडियम संस्थेच्या सहकार्याने एडिथ कॅव्हेल रुग्णालयात स्त्रियांसाठी शिक्षणवर्ग सुरू झाला. मारी क्यूरी यांच्यासमवेत त्यांची कन्या इरेन हीदेखील तेथे शिकवीत असे. तिचे वय तेव्हा अवघे १९ वर्षांचे होते. विद्युत् आणि क्ष-किरण यांची मूलतत्त्वे, शरीररचना, आणि प्रत्यक्ष यंत्रावरील सराव अशी शिक्षणाची तीन अंगे होती. विद्यार्थिनींची पूर्वतयारी सारखी नव्हती. त्यांत शिक्षित स्त्रिया होत्या, तशा अल्पशिक्षितही होत्या. युद्ध संपेपर्यंत सुमारे १५० स्त्रिया येथून शिकून बाहेर पडल्या.

हे काम केवळ कळ दाबण्याचे नव्हते. वायुयुक्त नळीतील वायूचा दाब वापराबरोबर बदले, आणि त्यानुसार किरणांची भेदनशक्तीही बदले. ती ओळखून नळी सुस्थितीत राखणे चालिकेकडे असे. गोळीची खोली काढावयाची, तर नळी ठराविक अंतराने सरकवून दोन वेळा छाया घ्यावयाची, आणि छायेचे स्थानांतर मोजून समरूप त्रिकोणांच्या नियमाने खोली निश्चित करावयाची. चालिकेच्या गणितात चूक झाली, तर शल्यचिकित्सकाचा छेद भलत्या जागी जाई. रोगनिदान वैद्याकडे राहिले खरे. परंतु त्याचा पाया ज्या प्रतिमेवर उभा, ती प्रतिमा निर्माण करणे ही स्वतंत्र विद्या आहे, हे या वर्गाने दाखवून दिले.

मात्र या शिक्षणाच्या इतिहासास एक काळी बाजू आहे. क्ष-किरणांचा अपाय १९१६ मध्ये अज्ञात नव्हता. एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरन्स डॅली हे क्ष-किरणांमुळे जडलेल्या कर्करोगाने १९०४ मध्येच मृत्यू पावले होते. तरीही युद्धाच्या धामधुमीत संरक्षणाची साधने अपुरी राहिली. इरेन यांचा मृत्यू १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने झाला. मारी यांचा अंत १९३४ मध्ये रक्तक्षयाच्या दुर्धर विकाराने झाला होता. त्यांचे अवशेष १९९५ मध्ये पाँथेऑन येथे हलविताना जी तपासणी झाली, तीवरून त्यांच्या व्याधीस रेडियमपेक्षा युद्धकाळातील क्ष-किरणांचे काम अधिक कारणीभूत असावे, असे मत फ्रेंच तज्ज्ञांनी व्यक्त केले. नामांकित शास्त्रज्ञांच्या आजारांची अशी चिकित्सा झाली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बहुसंख्य चालिकांचे पुढे काय झाले, याविषयी इतिहासग्रंथ प्रायः मौन पाळतात.

युद्धोत्तर काळात या व्यवसायास संघटित रूप आले. ब्रिटनमध्ये १९२० साली क्ष-किरण तंत्रज्ञांची संस्था स्थापन झाली, आणि १९२१ मध्ये किरणांपासून संरक्षणासाठी समिती नेमण्यात आली. अमेरिकेत १९२२ पासून परीक्षा घेऊन तंत्रज्ञांची नोंदणी होऊ लागली. पुढे १९२८ मध्ये स्टॉकहोम येथील परिषदेत संरक्षणाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय पातळीवर हाती घेण्यात आला. कौशल्य, परीक्षा आणि आत्मरक्षण ही आज या शिक्षणाची अविभाज्य अंगे मानली जातात. परंतु ती एकाच वेळी जन्मास आलेली नाहीत. कौशल्य प्रथम आले, कारण जखमी सैनिकास त्याची तातडीने गरज होती. चालविणाऱ्याच्या जीविताचा विचार मागाहून आला, आणि मधल्या विलंबाची किंमत त्या चालविणाऱ्यांनीच मोजली.