डॉक्टरकीच का?

विद्यार्थी डॉक्टरकीकडे का वळतात, असे विचारले की मान आणि पैसा ही दोन उत्तरे तयार असतात. गेल्या शतकाच्याही मागे गेले म्हणजे मात्र ती अपुरी पडतात. आपल्याकडच्या पहिल्या स्त्री-डॉक्टरांना मान मिळणार होता तो आधी वाळीत पडण्याचा!

आनंदीबाई जोशी यांच्याविषयी एक ठरीव मत आहे: गोपाळरावांनी हट्टाने त्यांना डॉक्टर केले. गोपाळरावांचा हट्ट खरा. पण एवढ्याने माझे समाधान होत नाही. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला, हे त्यांच्या निश्चयाचे मूळ म्हणून नेहमी सांगतात. असेलही. परंतु २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात, अवघ्या अठराव्या वर्षात, त्या इंग्रजीत बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी आपले दुःख पुढे केले नाही. लोकांचे आक्षेप एकेक घेऊन त्यांना उत्तरे दिली. हिंदू स्त्री-डॉक्टरांची देशाला गरज आहे. मद्रासला शिकण्याची सोय आहे, पण ती पुरेशी नाही. आणि मी हिंदू म्हणूनच जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजाला धाडलेल्या अर्जातही मुद्दा तोच होता. पुरुष डॉक्टरची मदत घेण्यापेक्षा आपल्या बायका मरण पत्करतात! नवऱ्याने पढवलेली मुलगी इतके नेमके बोलत नाही.

रखमाबाईंची वाट निराळी. अकराव्या वर्षी लग्न झाले. सासरी नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला आणि १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी दावा लावला. १८८७ साली न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा, असे फर्मावले. १८८८ मध्ये पैसे देऊन प्रकरण मिटले. त्याआधी ‘टाइम्स’मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने लिहिलेल्या पत्रांत त्यांची मुख्य तक्रार एकच होती, बालविवाहाने माझे शिक्षण हिरावून घेतले. म्हणजे ओढ मुळात विद्येची! वैद्यकी मागाहून आली. तिची ओळख मात्र घरातच होती, कारण सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजचे. शिवाय कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांचा पाठिंबा मिळाला. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या. स्वतःच्या पायावर उभे राहायला त्या काळी बाईला दुसरा धंदा तरी कोणता होता? माझ्या मते हे कारण सेवाभावापेक्षा तिळभरही हलके नाही.

आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही झाली, पण त्या कामावर रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने पुण्यात वारल्या. रखमाबाई १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे तीस वर्षांहून अधिक काळ बायकांवर उपचार करीत राहिल्या. त्या १९५५ साली गेल्या.